मालीचे चिखल-कापड आणि चि वारा: संग्रहालयांच्या साधनांनी आफ्रिकी कला वर्गात कशी शिकवावी

शाळेत ‘आफ्रिकेची कला’ म्हटले की पुठ्ठ्याचा मुखवटा करायला घेतात. मुले त्यावर लाल-काळे पट्टे ओढतात, कडेने सुतळीचे केस चिकटवतात आणि तास संपतो. हा मुखवटा कुणाचा, कोण घालतो, कधी घालतो, यातले काहीच मुलांच्या हाती लागत नाही. आफ्रिकेत ५४ देश आहेत आणि तिचे क्षेत्रफळ भारताच्या सुमारे नऊपट आहे. एवढ्या खंडाची एकच शैली शिकवायची म्हणजे पैठणी, फुलकारी आणि किमोनो यांना ‘आशियाई कापड’ म्हणून एका गाठोड्यात बांधायचे. त्यामुळे पहिला निर्णय असा घ्यावा: एक देश, एक समाज, दोन वस्तू. बाकीचा खंड पुढच्या वर्षी.

इथे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा बामाना समाज घेतला आहे. जुन्या फ्रेंच लिखाणात त्यांनाच बांबारा म्हटलेले आढळते. पहिली वस्तू म्हणजे शेतीच्या नाचात डोक्यावर बांधायचे लाकडी शिरोभूषण, चि वारा. दुसरी वस्तू म्हणजे चिखलाने रंगवलेले सुती कापड, बोगोलानफिनी. दोन्हींची उत्तम छायाचित्रे मोठ्या संग्रहालयांनी मोफत खुली केली आहेत. शिवाय या कापडामागचे रसायन आपल्याकडच्या हिरड्याने शाळेच्या अंगणात करून दाखवता येते.

हा पाठ सातवी ते नववीच्या ४० मुलांच्या वर्गासाठी आहे. ३५ मिनिटांचे सहा तास लागतात, त्यातले रंगकामाचे दोन सलग हवेत. रंगासाठी गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून केलेले लोखंडाचे पाणी मुरायला आठ-दहा दिवस लागतात. ते भिजत घालूनच पहिला तास घ्या, नाहीतर सगळे वेळापत्रक अडते.

चित्रे कुठून आणि कशी घ्यावीत

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये, क्लीव्हलँड संग्रहालयाने जानेवारी २०१९ मध्ये आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संग्रहातली असंख्य छायाचित्रे कुठल्याही वापरासाठी मोकळी केली. छापा, कापा, त्यावर लिहा, परवानगी लागत नाही. मात्र प्रत्येक वस्तूच्या पानावर ‘सार्वजनिक मालकी’ किंवा ‘शून्य हक्क’ अशा अर्थाची खूण आहे ना, हे पाहूनच चित्र उतरवा, कारण त्याच संकेतस्थळावर हक्क राखलेली चित्रेही असतात. ब्रिटिश म्युझियमची चित्रे श्रेय देऊन, विनाव्यापारी कामासाठी वापरता येतात. वर्गासाठी तेवढे पुरते.

शोधताना पहिली अडचण स्पेलिंगची येते. चि वारा हे नाव संग्रहालयांनी तीन-चार तऱ्हांनी नोंदवले आहे. कुठे सुरुवात ‘सीआय’ने होते, कुठे ‘सीएचआय’ने, कुठे ‘टीवायआय’ने. एका स्पेलिंगने काही मिळाले नाही म्हणून थांबू नका. कापडासाठी बोगोलान आणि बोकोलान ही दोन्ही रूपे टाकून पाहा. समाजाच्या नावासाठी बामाना आणि बांबारा दोन्ही वापरा.

गूगलच्या चित्रशोधावर विसंबू नये. ‘चिखल-कापड’ म्हणून तिथे येणारे बरेचसे नमुने कारखान्यात छापलेली उशी-पडद्याची कापडे असतात. खऱ्या कापडाची खूण शिवणीत सापडते. मालीत पुरुष अरुंद पट्ट्या विणतात, साधारण वीतभर रुंदीच्या किंवा त्याहून कमी, आणि त्या कडेला कड शिवून मोठे कापड होते. चित्र मोठे करून पाहिले की या उभ्या शिवणी दिसतात आणि नक्षी शिवणीवरून किंचित हललेली दिसते. छापील कापडात ते नसते.

चित्र ए-तीन कागदावर छापायचे असेल तर त्याची लांब बाजू निदान २५०० पिक्सेल हवी. त्याहून लहान चित्राची छपाई धूसर येते आणि लाकडावरचे कोरीव बारकावे हरवतात, जे पाहायलाच तर मुले बसलेली असतात. प्रत्येक वस्तूच्या चार-पाच प्रती काढा, म्हणजे आठ-दहा मुलांच्या गटाला एक येईल. प्रोजेक्टर असला तरी कागदी प्रती हव्यातच, कारण मुले बोट ठेवून बोलतात.

चित्राबरोबर माहितीपट्टीही उतरवून घ्या. समाजाचे नाव, देश, काळ, साहित्य, मापे, देणगीदाराचे नाव, नोंदक्रमांक असे सगळे मराठीत लिहा, पण चित्राच्या मागच्या बाजूला. पुढे नको.

पहिला तास: नाव न सांगता पाहणे

चि वाराचे चित्र वाटा आणि तीन मिनिटे कुणी काही बोलायचे नाही. घड्याळ लावूनच करा. एका मिनिटानंतर मुले चुळबुळतात आणि त्यापुढेच खरे पाहायला लागतात. मग फळ्यावर दोन रकाने आखा: ‘दिसते’ आणि ‘वाटते’. ‘शिंगे’ पहिल्यात, ‘राक्षस’ दुसऱ्यात. कुणी ‘हरीण’ म्हणाले तर ‘कशावरून?’ विचारा, म्हणजे ते आपोआप योग्य रकान्यात जाते. शिक्षकाने या तासात एकही उत्तर बरोबर किंवा चूक ठरवायचे नाही.

दोन गोष्टींकडे मात्र मुद्दाम बोट दाखवा. पहिली, तळाच्या लाकडी भागातली भोके. ती कशासाठी असतील? मुले ‘भिंतीवर टांगायला’ म्हणतात, आणि ते तसेच राहू द्या, दुसऱ्या तासाला उपयोगी पडते. दुसरी गोष्ट उंची. माहितीपट्टीवर मापे इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये असतात. चिकटपट्टीने भिंतीवर तेवढ्याच उंचीची चौकट करा. पडद्यावर माणसाएवढे भासणारे शिल्प प्रत्यक्षात केवढे, हे मुलांना तेव्हा कळते.

मालीचा नकाशा या तासाच्या शेवटी पाच मिनिटांत उरकावा: राजधानी बामाको, नायजर नदी, महाराष्ट्राच्या सुमारे चौपट आकार, फ्रान्सपासून स्वातंत्र्य २२ सप्टेंबर १९६०.

दुसरा तास: चि वारा परत अंगावर चढवणे

संग्रहालयाच्या काचेत दिसतो तो वस्तूचा एक तुकडा. बामाना भाषेत ‘चि’ म्हणजे शेती आणि ‘वारा’ म्हणजे रानटी प्राणी. माणसांना शेती शिकवणाऱ्या, अर्ध्या मानवी अर्ध्या पशुरूप अशा आद्य जीवाचे हे नाव. गावातल्या सर्वोत्तम शेतकऱ्यालाही ते बिरुद म्हणून मिळते. शिरोभूषणात हरणाची शिंगे असतात. त्याबरोबर जमीन उकरणाऱ्या आर्डवार्कची आणि खवल्या मांजराची अंगेही त्यात मिसळलेली असतात. हे प्राणी जमीन खणतात, शेतकरीही खणतो, एवढा धागा मुलांना पुरेसा आहे.

तळाची ती भोके म्हणजे विणलेल्या टोपलीसारख्या टोपीला शिल्प बांधण्याची जागा. टोपी नाचणाऱ्याच्या डोक्यावर, खाली सगळे अंग झाकणारा काळा तंतूंचा झगा, हातांत दोन आखूड काठ्या, आणि कंबरेत वाकलेला माणूस, जणू पुढचे पाय टेकणारा प्राणी. नाच जोडीने होतो. नर शिल्पाच्या मानेवर जाळीदार, नागमोडी आयाळ असते, आणि मादीच्या पाठीवर बहुधा पिल्लू असते. नर सूर्याचा, मादी धरतीची आणि तंतूंचा झगा पावसाच्या पाण्याचा, असा अर्थ अभ्यासकांनी नोंदवला आहे. भोवती बायका गातात, चांगल्या शेतकऱ्याची वाखाणणी करतात. जोडीतले एकच शिल्प काचेत असेल तर अर्धी जोडीही गेली, गाणेही गेले.

हे कळण्यासाठी छोटा प्रयोग करावा. बांबूची लहान टोपली घ्या, तिला पुठ्ठ्याचे उभे शिल्प सुतळीने बांधा. एकूण वजन ३०० ग्रॅमच्या आत ठेवा, मुलांच्या मानेवर त्याहून जास्त ताण नको. टोपली हनुवटीखाली पट्ट्याने पक्की करा. मुलाने दोन हातभर काठ्या टेकत, वाकून दहा पावले चालायचे. सरळ उभे असताना शिल्प आभाळाकडे बघते आणि वाकल्यावर प्रेक्षकांसमोर येते, हे पाहणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येते. इथेच थांबा. ‘आता नाचून दाखवा’ म्हणू नका. ताल, गाणे आणि प्रसंग माहीत नसताना केलेला नाच टिंगल होऊन बसतो, आणि मुलांना ती टिंगल वाटतही नाही.

कुणीतरी नक्की म्हणेल, ‘म्हणजे त्यांचा पोळाच!’ तुलना अडवू नये, पण तिला नियम घालावा: एक साम्य सांगितले तर दोन फरक सांगायचे. पोळ्यात खरे बैल असतात, इथे माणूस प्राणी होतो. तिथे बैलाचे उपकार, इथे शेती शिकवणाऱ्याची आठवण. पालघर-नाशिकच्या डोंगराळ भागातल्या मुलांना बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटे माहीत असतात. वर्गात तशी मुले असतील तर त्यांनाच विचारा की सोंग नाचत नसताना मुखवटा कुठे असतो आणि कसा वाटतो. त्या उत्तराने काचेतल्या चि वाराबद्दल वर्गाला पानभर माहितीपेक्षा जास्त समजते.

आणखी एक सांगायलाच हवे. इस्लामचा प्रसार आणि शेतीतले बदल यांमुळे अनेक गावांत हा नाच पूर्वीसारखा राहिलेला नाही. सगळे वर्णन ‘करतात’ या काळात केले तर मुले मालीला कायमचे जुने समजतात, आणि सगळे ‘करत असत’ केले तर समाजच संपला असे समजतात. वस्तूचा काळ पट्टीवरून वाचा आणि क्रियापद त्याप्रमाणे वापरा.

तिसरा ते पाचवा तास: चिखल-कापड

‘बोगो’ म्हणजे चिखल, ‘लान’ म्हणजे च्या साहाय्याने, ‘फिनी’ म्हणजे कापड. पुरुष विणतात, बायका रंगवतात. शिकाऱ्यांचे सदरे याचे असतात, आणि आयुष्यातल्या नाजूक वळणांवर बायकाही ते नेसतात, कारण ते रक्षण करते अशी श्रद्धा आहे. कोलोकानीच्या नाकुंते दियारा या नामवंत कारागीर बाईंचे नाव वर्गात आवर्जून घ्यावे, म्हणजे कापडाला हात मिळतो. १९७८ मध्ये बामाकोच्या सहा कलावंतांनी ‘बोगोलान कासोबाने’ हा गट स्थापून हे तंत्र चित्रकलेत आणले, आणि क्रिस सेदू (१९४९–१९९४) यांनी ते फॅशनच्या कपड्यांत नेले. ही दोन वाक्ये वगळू नका, यांनीच कापड आजच्या काळात येते.

तिसऱ्या तासात एवढे सांगून कापडाची चित्रे पाहायला द्या आणि एकच प्रश्न विचारा: आधी काय रंगवले, नक्षी की पार्श्वभूमी? बहुतेक जण नक्षी म्हणतात. खरे उलट आहे. काळा चिखल नक्षीच्या भोवती भरतात आणि रेघ कोरी राखतात. सगळे कौशल्य या राखण्यात आहे.

कापड आधी न्गालामा झाडाच्या पानांच्या काढ्यात बुडवून पिवळे करतात. हे झाड आपल्या धावड्याचे सख्खे नातेवाईक आहे आणि हिरड्याच्याच कुळातले. त्या पानांतले टॅनिन हे तुरट द्रव्य धाग्यात मुरते. चिखल तळ्यातून काढून मडक्यात कित्येक महिने मुरवलेला असतो. हवा न लागता मुरताना त्यातले लोखंड पाण्यात विरघळण्याजोगे होते. लोखंड आणि टॅनिन भेटले की धाग्याच्या आतच काळा रंग तयार होतो, आणि म्हणून तो धुऊन जात नाही. शेतातली माती तशीच कालवून लावली तर मुलांची निराशा ठरलेली. त्यातले लोखंड गंजाच्या, न विरघळणाऱ्या रूपात असते आणि पहिल्या धुण्यात सगळे निघून जाते.

वर्गासाठी साहित्य: दीड मीटर मांजरपाट (९० सें.मी. पन्हा), त्यातून २० × ३० सें.मी.चे २१ तुकडे निघतात, म्हणजे दोघांत एक आणि एक तुकडा चाचणीला. हिरड्याची पूड ५० ग्रॅम. जुने गंजके खिळे २०० ग्रॅम. पांढरे व्हिनेगर अर्धा लिटर. चिंचोक्याची पूड १५ ग्रॅम. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा. बारीक ब्रश आणि बांबूच्या चपट्या काड्या.

१. दहा दिवस आधी खिळे प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून त्यावर अर्धा लिटर व्हिनेगर आणि अर्धा लिटर पाणी घाला. झाकण घट्ट लावू नका, वर नुसते ठेवा, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो आणि घट्ट बरणी फुगून फुटू शकते. बरणी मोकळ्या हवेत ठेवा, जवळ ज्योत नको. पाणी तपकिरी-करडे झाले की गाळून घ्या. वेळच नसेल तर ५०० मि.लि. पाण्यात १० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा, तेही चालते. हिराकस पोटात जाता कामा नये, त्यामुळे ते शिक्षकानेच मोजावे.

२. मांजरपाटाला खळ असते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून ती काढा आणि कापड खळखळून धुवा. ही पायरी गाळली की कापड डागाडागांनी रंगते. शाळेतल्या रंगकामातली ही सर्वांत नेहमीची चूक. कापडात पॉलिस्टर असेल तर काहीच चढत नाही. एक धागा जाळून पाहा, गोळा झाला तर ते कापड नको.

३. दोन लिटर कोमट पाण्यात हिरड्याची पूड कालवून रात्रभर ठेवा आणि गाळा. भांडे स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे हवे. लोखंडी घमेल्यात केलेत तर कापड तिथेच काळवंडते. तुकडे त्यात तासभर बुडवा, पिळा, धुऊ नका. सावलीत नव्हे, उन्हात पसरून वाळवा आणि अधूनमधून उलटा, नाहीतर एकाच बाजूला पिवळेपणा साचतो. हे शिक्षकाने आदल्या दिवशी करून ठेवावे.

४. चौथ्या तासाआधी पाव लिटर पाण्यात चिंचोक्याची पूड मंद आचेवर शिजवून खळ करा, गार होऊ द्या आणि मग त्यात पाव लिटर लोखंडाचे पाणी मिसळा. चाचणीच्या तुकड्यावर एक थेंब टाका. तो दोन मिलिमीटरहून जास्त पसरला तर खळ पातळ आहे. थेंब सुरुवातीला फिका करडा दिसतो आणि काही क्षणांत काळा पडतो. ते मुलांना पाहू द्या, वर्गाला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

५. मुलांनी पेन्सिलीने नक्षी काढायची आणि तिच्या भोवतीची जागा काळी करायची. रेघा निदान ५ मि.मी. रुंद राखा, त्याहून बारीक रेघ दोन्हीकडून भरून येते. आधी काडीने कडा, मग ब्रशने मधली जागा. हातात मोजे हवेत आणि गणवेशावर जुना सदरा, कारण हिरडा लागलेल्या कापडावर हे पाणी उडाले की डाग कायमचा.

६. तासभर वाळू द्या, मग भरपूर पाण्यात धुवा. पहिले पाणी करडे येते, ते लगेच ओता, त्यात कापड पडून राहिले तर कोरी रेघही करडी होते. शेवटच्या बादलीत एक चमचा खाण्याचा सोडा टाकून उरलेले आम्ल मारा. लोखंडाचे पाणी ‘अजून काळे हवे’ म्हणून दाट करू नये. त्याने रंग फारसा वाढत नाही आणि कालांतराने कापड जिथे काळे आहे तिथे विरते.

मालीत शेवटी कोऱ्या रेघांवर दाहक लेप लावून पिवळेपणा काढतात आणि त्या पांढऱ्याशुभ्र होतात. वर्गात ती पायरी करू नये. आपल्या रेघा फिकट पिवळ्या राहतील, आणि का राहिल्या हे मुलांनी वहीत लिहावे.

नक्षी कोणती काढायची हा प्रश्न नाजूक आहे. बामाना नक्षींना नावे असतात, पण एकाच आकृतीचे नाव आणि अर्थ गावागणिक आणि कारागिरागणिक बदलतो. ‘ही खूण म्हणजे धैर्य, ही खूण म्हणजे समृद्धी’ असे तक्ते बाजारात मिळतात, ते वर्गात वाटू नका. त्यापेक्षा तंत्र त्यांचे आणि खुणा मुलांच्या, अशी वाटणी करा. प्रत्येक जोडीने आपल्या वाडीतली किंवा गल्लीतली एक गोष्ट निवडायची, तिची सोपी भौमितिक खूण करायची आणि तिचे नाव ठरवायचे. दुसऱ्या जोडीला ती ओळखू येणार नाही. खुणेचा अर्थ विचारल्याशिवाय कळत नाही, हे त्यातून आपसूक पोहोचते.

सहावा तास: वस्तू तिथे पोहोचली कशी

उतरवलेल्या माहितीपट्ट्या आता उलटून वाचायला द्या. ‘बामाना समाज, माली, १९वे–२०वे शतक’ असे वाचल्यावर विचारा: कलाकाराचे नाव कुठे आहे? देणगीदाराचे नाव आहे, विक्रेत्यांची साखळीही कधीकधी आहे, घडवणाऱ्याचे नाही. वस्तू नेणाऱ्यांनी ते बहुधा विचारलेच नाही. मेट्रोपॉलिटनच्या पानांवर पूर्वीच्या मालकांची यादी वेगळी दिलेली असते. ती कोणत्या सालापासून सुरू होते आणि त्याआधी काय मोकळे आहे, हे मुलांना रेषेवर मांडू द्या.

यानंतर एक घटना सांगा. १९३१ ते १९३३ या काळात मार्सेल ग्रियोल यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सची एक मोहीम डाकारपासून जिबूतीपर्यंत आफ्रिका ओलांडून गेली आणि सुमारे ३,५०० वस्तू घेऊन परतली. ६ सप्टेंबर १९३१ रोजी केमेनी या बामाना गावात त्यांनी पोलिसांची धमकी देऊन एक पूज्य वस्तू नेली. मोहिमेचे सचिव मिशेल लेरिस यांनी हे सगळे स्वतःच्या रोजनिशीत लिहिले, आणि ती १९३४ मध्ये छापली गेली. मोहिमेने आणलेल्या वस्तू आज पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात आहेत. अशी पूज्य वस्तू दीक्षा घेतलेल्यांखेरीज इतरांनी पाहायची नसते. म्हणून तिचे छायाचित्र मिळत असले तरी ते वर्गात दाखवू नये, आणि का दाखवत नाही ते मुलांना स्पष्ट सांगावे. ‘परत द्यावी का’ यावर लगेच हात वर करायला लावू नका. आधी तीन माणसांची यादी करा: केमेनीचा रहिवासी, पॅरिसचा संग्रहपाल, बामाकोच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा अधिकारी. प्रत्येकाला काय विचारावे लागेल ते गटागटाने लिहा.

उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येक जोडीने दोन माहितीपट्ट्या लिहायच्या, प्रत्येकी ६० शब्दांच्या आत. एक चि वाराची, एक आपल्या कापडाची. तपासताना हे पाहा: समाज आणि देश लिहिला आहे का, वस्तू कोण वापरतो आणि वापरताना आणखी काय काय असते ते आहे का, ‘दिसते’ आणि ‘अभ्यासक सांगतात’ यांत फरक केला आहे का, जे माहीत नाही ते ‘नोंद नाही’ असे लिहिले आहे का. ‘आदिम’, ‘गूढ’, ‘रहस्यमय’ असे शब्द आले तर खोडू नका, बाजूला ‘कशावरून?’ एवढेच लिहून पट्टी परत द्या.

कापडे वऱ्हांड्यात टांगाल तेव्हा पट्ट्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. प्रत्येक पट्टीवर दोन्ही कारागिरांची पूर्ण नावे, तारीख, आणि साहित्य लिहा: मांजरपाट, हिरडा, लोखंड, चिंचोका.